गच्चीवर माझ्या अंगात आलं

आठवीत असताना माझ्या अंगात देवी आली. एकूण साडेचार मिनिटं होती.

शाळा फोनवर भरायची ते वर्ष. पप्पांनी मला फोन घेऊन दिला, पण दम देऊन : "अभ्यास सोडून दुसरं काई दिसलं, तर काढून घेईन." आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. त्यामुळं पप्पांच्या लेखी तो फोन नव्हता, कॉलेजच होतं.

त्या मंगळवारी मी डोक्यावरून न्हाले होते. मुकुंदवाडीतल्या आमच्या गच्चीवर केस मोकळे सोडून, कानात इअरफोन घालून त्रिकोणाचं प्रमेय बघत होते. (खरंच प्रमेय! शपथ!) ते संपलं आणि फोननं आपल्या मनानं पुढचा व्हिडिओ लावला. चार झिंज्यांवाली माणसं. एकानं गिटार असं ओरबाडलं, की मला वाटलं इअरफोन गेला. दुसरा ड्रमवर तुटून पडला. गाणाऱ्याचं तर बहुतेक पोट दुखत होतं.

बंद करायला मी बोट पुढं नेलं, आणि ते तिथंच थांबलं. एक शब्द कळत नव्हता. आवडतंय की भीती वाटतेय, तेही कळत नव्हतं. पण मान हलायला लागली. मग केस घुमायला लागले. मग मी अख्खी!

डोळे उघडले तर समोर आत्या. पप्पांची थोरली बहीण, पिशोरहून नुकतीच आलेली. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. मागं आई, तिच्या हातात हळदकुंकवाची कोयरी.

"कोन हायेस माय तू? सांग!" आत्या म्हणाली.

आता खरं सांगावं तर फोन जातो. खोटं सांगावं तर देवीचं नाव कुठून आणू? मी केसांआडून इअरफोन ओढून काढला, फोन टॉवेलखाली सरकवला आणि मान हलवतच राहिले.

"नाव नाय सांगत," आत्या आईला म्हणाली. "लई कडक हाय. माय, काय पायजे तुला? साडी? नारळ?"

एवढी चालून आलेली संधी! मी घोगरा आवाज काढला : "फोन... फोनला कुणी हात लावायचा नाय!"

आई चमकली. "अहो आक्का, देवीला फोनचं काय?"

"तू गप! मागितलं ते द्यायचं!"

मी मनात म्हटलं, जिंकले. आणि घामाघूम होऊन खाली बसले.

आत्यानं टॉवेलखालून फोन काढला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि थेट देव्हाऱ्यात ठेवला. "पाच मंगळवार. कुनीच हात लावायचा नाय."

"पण आत्या, माझी शाळा..."

"कुनीच म्हंजी कुनीच! तुझ्याच तोंडून बोलली ना ती?"

संध्याकाळी पप्पा कंपनीतून आले. ते काहीतरी समजुतीचं बोलतील, अशी मला आशा होती. त्यांनी फक्त विचारलं, "आक्का, चार्जिंगचं काय?" मग समईशेजारी वायर आली.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांचा फोन आला. देव्हारा थरथरला. आत्यानं हात जोडले, आईनं जोडले, मी पण जोडले. उचलला कुणीच नाही. पाच मंगळवार माझी गैरहजेरी लागत राहिली आणि मी रोज देव्हाऱ्यासमोर इतका वेळ बसायची, की आत्या म्हणाली, "पोरगी लई सुधरली!"

फोन परत मिळाला तेव्हा त्याच्या इअरफोन खोचायच्या भोकात कुंकू गच्च बसलं होतं. सुई घालून निघेल तेवढं काढलं. त्यानंतर दर गाण्यात खर्र खर्र आवाज यायचा. रॉक असंच असतं, अशी माझी समजूत झाली, आणि तेच मी चार वर्षं जीव लावून ऐकलं.

आता कॉलेजात आहे. परवा मैत्रिणीनं तिचे भारी हेडफोन माझ्या कानाला लावले. तेच गाणं. एकदम स्वच्छ.

"कसलं भारी ना?" तिनं विचारलं.

"बरंय," मी म्हणाले. "पण काहीतरी कमी आहे."

"काय?"

आता तिला कसं सांगू, की कुंकू कमी आहे!