तिथं शून्यं होती

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, मल्लूअण्णांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — आणि सुरुवात माझ्या अभिमानापासून करतो, कारण तो खोटा नाही.

मी मलकापूरचा. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आलो तेव्हा जवळ कॉम्प्युटर नव्हता. मी राहायचो त्या गल्लीतल्या मल्लूअण्णांनी त्यांच्या फोटो स्टुडिओतला दिला. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग संपलं की खुर्ची माझी. मी जो काही झालो, त्या खुर्चीत झालो.

बदल्यात मी त्यांना एक सवय लावली. शूटिंगची कॅसेट ते पुढच्या लग्नाला पुन्हा वापरायचेच. ग्राहकाला सीडी दिली की डिस्कवरचंही पुसून टाका, जागा मोकळी होते, म्हणालो. कुणी परत मागायला आलं तर मी काढून द्यायचो. जुन्या हार्ड डिस्कवर पुसणं म्हणजे नुसतं नाव खोडणं — वर दुसरं काही चढेपर्यंत चित्रं तिथंच पडून असतात. अण्णा हाताखालच्या पोरांना सांगायचे, ‘पुसा बिनधास्त, आमचा इंजिनियर हाय की.’ मला ते ऐकायला आवडायचं.

पुढं कोल्हापुरातच उद्यमनगरात एका फाउंड्रीत नोकरीला लागलो. दोन हजार नऊच्या सुमारास चिपवर चालणाऱ्या नव्या डिस्क येऊ लागल्या. त्यांची अडचण अशी, की पुसलेली जागा रिकामी झाली हे त्यांना कळत नाही आणि त्या मंदावत जातात. ट्रिम नावाची आज्ञा त्यांना ते कळवते. मग डिस्क ती जागा खरोखरच साफ करते. एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ही आज्ञा घालायचं काम मी नोकरी सांभाळून अंगावर घेतलं. ते मी उत्तम केलं. आजही त्यातली एक ओळ बदलणार नाही.

पण कसोटी कुठं घ्यायची? रोज भरणारी, रोज पुसली जाणारी डिस्क — अण्णांच्या स्टुडिओशिवाय कुठं मिळणार? चाचणीसाठी आलेली डिस्क मी माझ्या ड्रायव्हरसकट त्यांच्या मशीनमध्ये बसवली. जलद आहे, म्हणालो. पुसलेलं आता परत येणार नाही — हे म्हणालो नाही. विसरलो? नाही. सांगितलं असतं तर अण्णांनी पुसणं थांबवलं असतं, आणि माझी कसोटीही थांबली असती.

मग कुरुंदवाडहून सुमनताई आल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं मिक्सिंग त्याच डिस्कवर झालं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे यजमान गेले, आणि घरातली सीडी उघडत नव्हती. यजमान बोलताना दिसतात असं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. अण्णांनी त्यांना चहा दिला, मला बोलावून घेतलं. ‘ताई, काळजी करू नगासा. आत्ता काढतोय बघा.’

मी ती जागा वाचली. शून्यं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती शून्यं. आणि — कसं सांगू? — पहिल्या क्षणी मला आनंद झाला. माझा ड्रायव्हर चालत होता, अगदी हवा तसा. मागं ताई पदर सावरून बसल्या होत्या आणि मी मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

अण्णांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, ‘अण्णा, तुम्ही त्यावर दुसरं लग्न चढवलंय.’

दुसरं लग्न चढलं असतं, तर तिथं दुसरं लग्न दिसलं असतं. त्या खोलीत हे मला एकट्यालाच कळत होतं.

अण्णांनी ताईंसमोर हात जोडले. ‘माझ्या हातनं झालं, ताई. पोराचा काय दोष न्हाय.’ ताई चहा तसाच ठेवून उठल्या.

माझं काम त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये स्वीकारलं गेलं. त्याच्या जोरावर मोठी नोकरी मिळाली. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले.

ताई येऊन गेल्यापासून अण्णांनी एकही लग्न पुसलेलं नाही. स्टुडिओच्या मागच्या भिंतीला डिस्कची रांग लागली आहे, प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर आडनाव आणि गाव. कामाला नवं पोरगं आलं की अण्णा त्याला त्या भिंतीपुढं उभं करतात आणि सांगतात, ‘मी एका माउलीचा नवरा पुसलाय. तू कुणाचं काय पुसू नगंस.’

मी गेलेलो असलो तर तिथंच असतो, अण्णांनी मागवलेला चहा पीत.