दोघींची एक खाट

हडपसरच्या त्या फ्लॅटमध्ये मालकांनी मला खाट दाखवली आणि म्हणाले, "ही तुमची. रात्रीपुरती." दिवसा त्याच खाटेवर दुसरी एक मुलगी झोपायची. ती कॉल सेंटरला होती. दिवेलागणीला कंपनीची गाडी तिला न्यायला यायची आणि सकाळी आणून सोडायची. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत दिवसाच्या नोकरीला लागले होते. आतल्या खोलीत दुसरी खाट मावली नसती असं नाही, पण मालकांचा विचार पक्का होता. "एक झोपते तेव्हा दुसरी कामावर असते ना? मग रिकाम्या खाटेची काय पूजा करायची आहे?" पुण्यात घर शोधणाऱ्या एकट्या मुलीने असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात. मी मुकाट्याने बॅग खाटेखाली सरकवली.

त्या वर्षांत आमच्याकडे, परभणीच्या बाजूला, कुणाचीही मुलगी कॉम्प्युटर शिकली की तिला पुण्याला धाडायचे. उसाच्या फडांशेजारी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आम्ही त्यात जाऊन बसत होतो. गळ्यात ओळखपत्र अडकवलं की सुरुवातीला आपण फार कुणीतरी आहोत असं वाटतं. ते आठवडाभर टिकतं. मग लक्षात येतं, की दिवसभरात आपल्याशी कामाव्यतिरिक्त एकही माणूस बोललेलं नाही. कंपनीत शेजारी बसणारा मुलगा मला काही विचारायचं असलं तरी ईमेल पाठवायचा. मी त्याला डोळ्यांनी दिसत असूनही.

हॉलमध्ये ताई राहायच्या. आमच्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, सरकारी कचेरीत नोकरी, आणि मूळच्या पुण्याच्याच, पेठेतल्या. पुण्यातच घर असून ही बाई भाड्याने का राहते, हा प्रश्न मला पडायचा, पण ताईंना काही विचारावं असा त्यांचा चेहरा नव्हता. पहिल्याच दिवशी मी "बाथरूममध्ये गरम पाणी येतं का?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "उन्हाळ्यात येतं." मी त्यांना थोडी बिचकूनच असायचे. शिवाय मनात यायचं, यांचं काय, यांची सगळी माणसं पुण्यातच आहेत.

माझं कुणी नव्हतं. हे मला दर रविवारी संध्याकाळी नीट कळायचं. रविवारी संध्याकाळी मेसचा डबा बंद. लोक नातेवाइकांकडे जेवायला जातात, त्या वेळी मी कोपऱ्यावरच्या बूथवरून घरी फोन करायचे. बाबांचा एकच प्रश्न असायचा, "तिथं तुझं आहे कोण?" आमच्या गावच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची जागा निघाली होती. बाबांनी तिथे शब्दही टाकून ठेवला होता. मी परत यावं असं त्यांना वाटत होतं आणि रविवार संध्याकाळपुरतं मलाही वाटायचं. पण मी म्हणायचे, "आहे की. एक मैत्रीण आहे."

ही मैत्रीण म्हणजे माझी खाटबहीण. आम्ही भेटायचो फक्त दारात. "आलीस?" "निघालीस?" एवढंच. ती जळगावकडची होती. तिची सुट्टी मधल्या वारी असायची आणि ती चिंचवडला मावशीकडे जायची. रविवारी ती दिवसभर झोपायची आणि मी आवाज नको म्हणून बाहेर भटकायचे. तिच्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते खाटेवरून. ती खोबरेल तेल लावायची, भिंतीकडे तोंड करून झोपायची, आणि झोपेत, एका रविवारी मी ऐकलं, अमेरिकी उच्चारात कुणाचीतरी माफी मागायची.

पण ती माझं किती करायची! संध्याकाळी थकून यावं, तर सकाळी घाईत वाळत टाकलेले कपडे घड्या घालून खाटेच्या पायथ्याशी ठेवलेले. बाह्या आत दुमडून, दुकानात असतात तशा घड्या. थर्मासमध्ये चहा, माझ्यापुरता, गरम. ती निघायच्या गडबडीत एवढं करून जाते म्हणून माझा जीव तीळतीळ तुटायचा. मग मी सकाळी तिच्या उशाखाली पेरू ठेवायचे, नाहीतर चिक्की. संध्याकाळी तिथे तिच्या कंपनीत बक्षीस मिळालेलं चॉकलेट असायचं. दारात भेटलो की मी म्हणायचे, "थँक्स हं." ती म्हणायची, "अगं, तुलाच थँक्स." आणि मी दिवसभर कंपनीत त्या ईमेलवाल्याकडे दयेने बघायचे.

ताईंनाही मी हे सांगायचे. "किती करते हो ती माझं!" ताई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "हो का."

मग एका रविवारी अमेरिकेत कसलासा सण आला आणि तिला सुट्टी मिळाली. मावशी गावाला गेलेली, म्हणजे ती घरीच. त्याच आठवड्यात बाबांनी सांगितलं होतं, "कॉलेजवाले थांबणार नाहीत. या रविवारी काय ते नक्की कळव." माझा नकार तयार होता. आज आम्ही दोघी भरपूर बोलू, मग मी बूथवर जाईन आणि ठणकावून सांगेन, की माझं इथे छान चाललंय. मी बाहेर जाऊन भेळ घेऊन आले, ओली आणि सुकी दोन्ही, कारण तिला कुठली आवडते ते मला माहीत नव्हतं.

आम्ही खाटेवर बसलो. दोघी जाग्या असताना त्या खाटेवर बसण्याची पहिलीच वेळ, त्यामुळे दोघी पाहुण्यांसारख्या कडेला बसलो होतो. भेळ संपली. तिने माझ्या कंपनीबद्दल विचारलं, मी तिच्या कंपनीबद्दल. तेही संपलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी मनातलंच बोलले, "तू कपड्यांच्या घड्या किती सुंदर घालतेस गं. आणि आल्याआल्या तो चहा म्हणजे तर..."

तिने माझ्याकडे बघितलं. "मी? घड्या तर तू घालतेस ना? आणि सकाळचा चहा तू ठेवतेस."

सकाळी मी स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकत नसे. चहा कंपनीच्या मशीनचा प्यायचा, फुकटचा, हा माझा नियम. स्वयंपाकघरातून आलं ठेचल्याचा आवाज येत होता. आम्ही दोघी उठून तिकडे गेलो.

ताई ओट्यापाशी उभ्या होत्या. खांद्यावर आमचे वाळलेले कपडे होते.

"ताई, घड्या तुम्ही घालता?" मी विचारलं.

"दोरी एकच आहे. तुमचे काढल्याशिवाय माझे कुठे वाळत घालू? डोक्यावर?"

"पण काढून नुसते ठेवले असते तरी..."

"बोळे केलेले कपडे मला बघवत नाहीत."

"आणि चहा?" खाटबहिणीने विचारलं.

ताईंनी गॅस बारीक केला. "घरी आम्ही आठ माणसं होतो. चहा मीच टाकायचे, सकाळ-संध्याकाळ. एका माणसाचा चहा मला अजून टाकता येत नाही. जास्तच होतो. ओतून देण्यापेक्षा थर्मासमध्ये बरा."

म्हणजे चहा माझ्यासाठी नव्हताच. तो उरलेला होता. इतके महिने जिच्या आधारावर मी बाबांना उलट बोलत होते, ती मैत्रीण या घरात कधी राहतच नव्हती. मला रडू आलं, आणि रडताना आपण किती मूर्ख दिसत असू हे कळून जास्तच आलं.

"अहो, मग सांगायचं ना!" मी जरा चिडूनच म्हणाले. "आम्ही आपल्या एकमेकींचे आभार मानत बसलो."

"ऐकत होते की. दोघीही मलाच येऊन सांगायचात." त्यांनी तीन कप मांडले. "तुमचं दोघींचं बरं चाललं होतं. मी मध्ये कशाला पडू?"

त्या चिडल्या नव्हत्या, टोमणाही मारत नव्हत्या. खाटबहीण ओशाळून म्हणाली, "तसं नाही हो ताई," आणि मग तिच्या मोबाइलवर मावशीचा फोन आला म्हणून सुटल्यासारखी बाहेर गेली. आम्ही दोघी चहा घेऊन ओट्याला टेकून उभ्या राहिलो. मी विचारलं, "आज रविवार. घरी नाही गेलात?"

"गेले होते सकाळी," ताई म्हणाल्या. "आई गेल्यापासून माझ्या खोलीत पुतण्या असतो. वहिनी तशी चांगली आहे. मी गेले की मला हॉलमध्ये बसवते आणि विचारते, चहा घेणार का?"

एवढं बोलून त्या कपडे घेऊन हॉलमध्ये गेल्या. मी तिथेच उभी राहिले. पुण्यात सगळी माणसं असलेली ही बाई रोज दोन वेळा जास्तीचा चहा करत होती, आणि तो पिऊन आम्ही दोघी तिच्यासमोर एकमेकींचं कौतुक करत होतो.

नंतर मी बूथवर गेले. बाबांनी नेहमीचं विचारलं आणि मी खरं सांगितलं, की माझं इथे कुणी नाही. ते म्हणाले, "मग ये की परत. आपलं घर आहे." बूथवाला घड्याळाकडे बघायला लागला. शेवटी मी म्हणाले, "नाही बाबा, मी इथेच राहते." त्यांनी कारण विचारलं, पण ते मला सांगता आलं नाही. दिवाळीत मी घरी गेले होते तेव्हा आईनेही, ताईंच्या वहिनीसारखंच, चहा गाळता गाळता थांबून मला विचारलं होतं, "तुला साखर किती लागते गं आता?"