गवती चहाचा भात
गवती चहाचा वास आला की मला इथल्या, जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या आमच्या होस्टेलचं किचन आठवतं. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. माझ्या शेजारच्या खोलीत जावा बेटावरच्या एका डोंगराळ खेड्यातली मुलगी राहायची. गावात नुसतं धुकं, बटाटे नि कोबी, म्हणून आईने हट्टाने तिला इतक्या लांब शिकायला धाडलेलं. तीच आई गेली आणि हिला जाता आलं नाही. सातव्या दिवशी तिने नारळाच्या दुधात गवती चहा घालून पातेलंभर भात शिजवला आणि सगळ्यांची दारं वाजवली. कुणाला परीक्षा होती, कुणाची डॉक्टरकडे टेर्मिन, म्हणजे आधीच ठरलेली वेळ. आले मी एकटीच. तिने ताट पुढे केलं, तर मी म्हटलं, "अगं, सुतक असलेल्या घरचं आमच्यात खात नाहीत." ती हळूच म्हणाली, "आमच्यात शेजारी जेवले की मगच गेलेल्याला निरोप मिळतो. गावातली तरणी माणसं केव्हाच शहरात गेली. आता गावात कोण जेवलं असेल, कुणास ठाऊक." तरी माझा हात पुढे झाला नाही. शेवटी तीच पातेल्यातून उभ्याउभ्या खात राहिली, सगळ्या गावाच्या वाटचं. गेल्या वर्षी माझी आई गेली, तेव्हा मीही इथेच, जर्मनीत होते; मलाही जाता आलं नाही. सातव्या दिवशी मी तोच भात केला, पण कुणाचं दार वाजवायला हात उचलला नाही.