दोन दारांचा ब्लॉक

रत्नागिरीच्या त्या कामावर मला पाठवलं याचं कारण एवढंच, की मी मूळचा लांज्याकडचा. मुंबईत एका फर्निचरच्या कारखान्यात मी नकाशे काढत असे. सन तीसनंतरची ती वर्षं. समुद्राकाठी सिमेंटच्या नव्या इमारती उठत होत्या, आणि त्यांतले ब्लॉक बड्या लोकांनी घेतले की आतली सगळी मांडणी आमच्याकडे येई. आमचे शेठ म्हणत, "खोलीचं माप नंतर घ्या, आधी माणसांचं घ्या." म्हणून मी आधी काही दिवस त्या कुटुंबात नुसता जाऊन बसत असे. कोण केव्हा उठतो, वर्तमानपत्र कुठं वाचतो, कोणाला दुपारी अंधार लागतो, हे बघायचं आणि मग कागदावर पहिली रेघ ओढायची. दुसऱ्यांची घरं मला इतकी पाठ होत, की संध्याकाळी गिरगावातल्या माझ्या खोलीचं कुलूप काढताना मी परक्याच्या दारात उभा आहे असं वाटे. आईवडील केव्हाच गेले होते. लग्न राहून गेलं होतं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

रत्नागिरीचे गृहस्थ रंगूनला लाकडाच्या व्यापारात आयुष्य काढून परतले होते. गावाबाहेर माळावर त्यांनी जांभ्या चिऱ्यांची दुमजली इमारत बांधली होती. खाली भाड्यानं द्यायला दोन ब्लॉक आणि वरचा सबंध मजला स्वतःसाठी. रत्नागिरीत तो शब्दच तेव्हा नवा होता; गवंडी 'बिलाक' म्हणत. वरचा मजला तयार होईतो नवराबायको खालच्या एका ब्लॉकमध्ये राहत होते. मी पोचलो त्या दिवशी गृहस्थांनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं.

"एक गोष्ट आधीच सांगतो," ते म्हणाले. "वरच्या जिन्यावरून आत यायला दोन दारं ठेवा. एक माझं, एक तिचं."

मी विचारलं, "पाहुण्यांसाठी वेगळं दार म्हणता का?"

"नाही. आमच्यासाठीच."

स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांना सांगा, दोन दारं मलाही हवीत. पण स्वयंपाकघर माझ्या बाजूला घ्या."

गृहस्थही माझ्याकडेच बघून म्हणाले, "ते काय सांगायला हवं? तिच्याच बाजूला घ्या."

दोघांमध्ये जेमतेम एका माणसाला झोपता येईल एवढं अंतर होतं. मी आधी यांच्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिलो. मला काहीतरी करायला हवं म्हणून मी खिशातून टेप काढली.

कामाला लागलो तोवर पाऊस तोंडावर आला आणि आगबोटी बंद झाल्या. आता दिवाळीपर्यंत मुंबई नाही. बंदराकडच्या गल्लीत मी एक खोली घेतली. दोन्ही वेळा खानावळीत जेवायचं, सकाळी छत्री उघडून माळ चढायचा आणि संध्याकाळी ओल्या कपड्यांनी उतरायचा. खोलीची भिंत इतकी ओलसर होती की तिला टेकता येत नसे. पलीकडे कोळ्यांची घरं होती. तिथून भांडणाचे, हसण्याचे, पोरांना हाका मारल्याचे आवाज येत, आणि मी कंदिलापाशी बसून कोणाच्या तरी दिवाणखान्यातली खुर्ची रेखाटत असे.

माझ्या रिवाजाप्रमाणे मी दोघांना वेगवेगळं बसवून त्यांचा दिवस विचारला. गृहस्थ म्हणाले, उजाडायच्या आधी जाग येते, पहिला चहा बिनदुधाचा लागतो, दुपारी झोप नाही, आणि संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसल्याशिवाय करमत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीला विचारलं; त्यांना मी आता काकी म्हणू लागलो होतो. त्यांनीही तेच सांगितलं. बिनदुधाचा चहासुद्धा तोच. रंगूनला लागलेली सवय. इतकी वर्षं न बोलता दोघं एकच दिवस जगत होते. मी ते त्यांना सांगितलं नाही.

एका दुपारी पाऊस कोसळत होता आणि मी स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची ठरवत होतो. काकींनी अचानक विचारलं, "तुम्ही जेवता कुठं?"

"खानावळीत."

"मुंबईला?"

"तिथंही खानावळच."

त्यांनी पाट मांडला. कुळथाचं पिठलं आणि गरम भात वाढला. मी जेवत असताना त्या भिंतीला टेकून बसल्या आणि आपणहून बोलू लागल्या. त्यांना एक मुलगी होती. रंगूनला तिला ताप धरला, उतरेना. काकींचा हेका होता, पावसाच्या आत बोट पकडून देशी जाऊ, तिकडची हवा तिला मानवेल. नवऱ्याचा मोठा माल नदीतून यायचा होता. ते म्हणाले, एवढा हंगाम जाऊ दे. हंगाम संपायच्या आत मुलगी गेली.

"मी भांडले नाही हो," काकी म्हणाल्या. "भांडले असते तर बरं झालं असतं. नुसतं तोंड मिटलं, ते मिटलंच. आता उघडायचं म्हटलं तरी पहिला शब्द कुठला बोलायचा?"

त्यांनी पुन्हा भात वाढला. त्या दिवसापासून दुपारचं माझं पान तिथंच पडू लागलं.

गृहस्थांनी ती गोष्ट कधीच काढली नाही. एकदाच, वरच्या मजल्यावर सुतार रंधा मारत होते तेव्हा, सागवानाच्या फळीवरून हात फिरवत ते म्हणाले, "हे लाकूड त्याच मालातलं." मला ते कळलंय, हे त्यांना कसं समजलं कोण जाणे. मग फळी खाली ठेवून ते जिना उतरून गेले.

त्या लाकडातून मी दोन्ही बाजू सजवल्या. त्यांच्याकडे खिडकीखाली लांब मेज, पुस्तकांना भिंतीत कप्पे, निजायला बुटका पलंग, ओल्या छत्रीला दाराशीच पितळी पन्हळ. काकींकडे उभ्यानं काम करता येईल असा ओटा, देवघराला सरकतं दार, धान्याला उंदीर न शिरणारे खण. काकी म्हणाल्या होत्या, चहा द्यायला मला त्या खोलीत जायला लागू नये. ते म्हणाले होते, चहा मागायला मला तिकडे जायला लागू नये. मी मधल्या भिंतीत दोन्हीकडून उघडणारं फडताळ बसवलं. ते दोघांनाही पसंत पडलं.

अडलं ते गॅलरीपाशी. पश्चिमेला एकच गॅलरी होती आणि ती दोघांनाही हवी होती. मध्ये पडदी घातली असती तर दोन अरुंद बोळ झाले असते आणि वारा कोंडला असता. मी पडदीशिवायचा नकाशा काढला. दोन आरामखुर्च्या, दोन्हींची तोंडं समुद्राकडे, एकमेकींकडे नाही. कागद घेऊन मी आधी गृहस्थांकडे गेलो. तो बघून ते म्हणाले, "तिला चालत असेल तर." काकी शेजारच्या खोलीतच होत्या. मी वळायच्या आत आतून आवाज आला, "त्यांना चालत असेल तर."

दिवाळीनंतर वास्तुशांत झाली. गावातली बडी मंडळी ब्लॉक बघायला लोटली. कोणी नळाची तोटी फिरवून बघत होतं, कोणी फडताळ दोन्हीकडून उघडून हसत होतं. दोन दारं कशाला, असं एका वकिलाच्या बायकोनं विचारलंच. मी म्हटलं, "नवी पद्धत आहे." ते सगळ्यांना पटलं.

पूजेला दोघं शेजारी पाटावर बसले होते. गुरुजी संकल्प सांगत होते. मध्येच थांबून म्हणाले, "बाई, हाताला हात लावा."

काकींनी मान खाली घातली. गुरुजींना वाटलं ऐकू आलं नाही; ते पुन्हा म्हणाले. तेव्हा काकींनी उजव्या हाताची बोटं नवऱ्याच्या हाताला लावली. गृहस्थांच्या पळीतलं पाणी ताम्हनाबाहेर सांडलं. गुरुजींनी मंत्र पुढे चालू केला. मी दाराशी उभा होतो. माझं काम संपलं होतं आणि बोटही सुरू झाली होती, पण मला तिथून हलावंसं वाटेना.

मुंबईला परत गेलो. पुढं कितीतरी ब्लॉक सजवले, काहींची छायाचित्रंही छापून आली. तीन-चार वर्षं गेली असतील, तेव्हा काकींचं कार्ड आलं: जमलं तर एकदा येऊन जा. मला वाटलं काहीतरी मोडलं असेल, दुरुस्ती असेल. सुट्टी काढून गेलो. दार त्यांनीच उघडलं. कपाळ मोकळं होतं, त्यावरून मला कळलं.

ब्लॉकमध्ये सगळं जिथल्या तिथं होतं, पण ट्रंका भरून ठेवलेल्या होत्या. त्या मुरुडला भावाकडे राहायला निघाल्या होत्या आणि वरचा मजला एका सरकारी अंमलदाराला भाड्यानं दिला होता. चहा घेऊन आम्ही गॅलरीत बसलो.

"रोज बसायचो," त्या म्हणाल्या. "ते तिकडे, मी इकडे. पण बोलणं नाही. शेवटी शेवटी त्यांना धाप लागायची. एका संध्याकाळी वारा जोराचा होता. ते म्हणाले, 'गार वाटतंय का तुला?'"

"मग?"

"मी म्हटलं, 'नाही.' गार वाटत होतं तसं. पण हो म्हटलं असतं तर आत जा म्हणाले असते."

त्यानंतर आठवड्याभरात ते गेले. आणखी काही बोलणं झालं का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

चहा संपल्यावर मी विचारलं, "काकी, काम काय होतं?"

"काम काही नाही. हे कोणाला तरी सांगायचं होतं. गावात कोणाला सांगू? आम्ही बोलत नव्हतो हेच कोणाला ठाऊक नाही."

निघताना त्यांनी मला बरणीभर आमसुलं दिली आणि आता तरी लग्न कर म्हणाल्या. पहिल्यांदाच एकेरीत. मी हसलो.

बंदरावर आगबोटीला उशीर होता. नाटे गावचा एक म्हातारा खलाशी शेजारी पेटीवर बसला होता. त्यानं विचारलं, "हयसर कोणाकडे आयला होतास?"

कारखान्याचं गिऱ्हाईक, असं म्हणायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, "काकीकडे."

"बरी हत ना?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. मग आगबोटीपर्यंत नेणारा पडाव काठाला लागला, आणि आम्ही दोघं आपापलं सामान उचलून पाण्यात उतरलो.