थेडी लूबीसाठी केलेले दोन अर्ज

जोहाना लूबीने पस्तिशीपर्यंत सरकारकडे काही मागितलं नव्हतं. सरकारनेही तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, त्यामुळे दोघांचं बरं चाललं होतं. टिपरेरीत, गॉल्टी डोंगराच्या पायथ्याशी, खंडाने घेतलेला जमिनीचा एक तुकडा, बटाट्यांचे वाफे, एक डुक्कर, एक शेळी, दोन मुली आणि थेडी नावाचा नवरा एवढा तिचा संसार. यातली शेळी सर्वांत हट्टी आणि थेडी सर्वांत बोलका. उरलेलं सगळं जोहाना सांभाळायची.

घोटाळा शेळीने केला. त्या वर्षी मुलखात धामधूम होती. तोंडाला काळं फासलेले लोक रात्री जमीनदारांच्या गवताच्या गंजी पेटवत होते. म्हणून सरकारने कायदा केला, की सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत जो घराबाहेर सापडेल, त्याने आपण का बाहेर होतो ते पटवून द्यावं. नाही पटलं तर सात वर्षं हद्दपारी, समुद्रापलीकडे, न्यू साउथ वेल्सला. हा कायदा शेळीला कुणी वाचून दाखवला नव्हता. ती दावं तोडून गेली, थेडी दोर घेऊन तिच्यामागे गेला आणि शिपायांना दोरासकट सापडला. शेळी सकाळी आपणहून घरी आली. तेच थेडीच्या मुळावर आलं. जी हरवलीच नव्हती तिला शोधायला माणूस अंधारात कशाला जाईल, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. त्यावर थेडी जरा जास्तच बोलला. त्याला क्लॉनमेलच्या तुरुंगात ठेवलं. तिथून कोव्हच्या बंदरात नेणार, आणि जहाज भरलं की पाठवणार.

जहाज भरायच्या आत अर्ज करायचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कसा करायचा हे एकट्या क्वर्क मास्तरांना ठाऊक होतं. मास्तर एका पडक्या गोठ्यात शाळा चालवत, लॅटिन जाणत, आणि डब्लिनच्या किल्ल्यात बसलेल्या लॉर्ड लेफ्टनंट साहेबांना, म्हणजे राजाच्या प्रतिनिधीला, उद्देशून अर्ज लिहून देत. अजून त्यांचा एकही अर्ज मंजूर झाला नव्हता. पण भाषा अशी, की ऐकणाऱ्या बायका रडत.

"'आपल्या दयेच्या सूर्यकिरणाची भीक मागणारी ही अभागिनी,'" मास्तरांनी सुरुवात केली.

"मास्तर, शेळीचं कधी येणार?"

"येईल, येईल. शेळी दुसऱ्या पानावर."

थेडी किती सज्जन, किती निष्ठावान, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या किती उपयोगाचा, हे मास्तरांनी दीड पानभर लिहिलं. मग चालचलणुकीला ग्वाही म्हणून खाली नावं हवीत, असं सांगितलं. "दोन-चार भल्या माणसांची घे म्हणजे झालं."

इथे गावाने आपल्या रीतीने काम हातात घेतलं. त्या मुलखात माणूस केवढा मोठा हे त्याच्या मयतीला किती लोक चालले त्यावरून ठरतं. न जाणं म्हणजे वैर धरणं. अर्ज हीही तशीच गोष्ट आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं. रविवारी चॅपेलच्या फाटकापाशी पिंप उलटं घालून मास्तर बसले. ते नाव लिहीत, माणूस लेखणीला बोट लावून फुली मारी. आपला गाव संपला, शेजारचा आला. डोंगरापलीकडून थेडीच्या आत्येकडची माणसं आली. कुणी अमेरिकेला गेलेल्या भावाची फुली मारली.

"तो इथे असता तर त्यानेही मारलीच असती ना!"

नेली ड्वायरने मेलेल्या नवऱ्याचीही मारली. त्यावर मास्तर चाचरले, तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, तो जिवंतपणी कधी कुणाला नाही म्हणाला नाही. आता म्हणेल होय?"

कागद पुरेना म्हणून खाली कागद डकवले. फादर हॅकेटांनी शेवटी चार ओळी लिहिल्या. अर्ज गुंडाळला तेव्हा तो जोहानाच्या मनगटाएवढा जाड झाला होता. मुलींना बहिणीकडे ठेवून ती तो घेऊन मॅजिस्ट्रेट स्टेपलटन साहेबांकडे निघाली. त्यांच्या शेऱ्याशिवाय वर काही जात नव्हतं.

स्टेपलटन साहेब सोमवारी भेटत. म्हणजे लोकांनी सोमवारी त्यांच्या पायऱ्यांपाशी उभं राहायचं आणि साहेबांनी खिडकीतून बघायचं, की आज किती आहेत. फार असले तर साहेबांची तब्येत बरी नसे. जोहाना पावसात उभी राहिली, उन्हात राहिली. तिच्या पुढे एक म्हातारा उभा असे. कशासाठी अर्ज केला होता हेही त्याला आता नीट आठवत नव्हतं. पण यायचं सोडलं तर ते साहेबांच्या लक्षात येईल अशी त्याला धास्ती होती. जोहाना लोकर सोबत नेऊन उभ्या उभ्या चातीवर सूत काढी. त्या पायऱ्यांपाशी तिने जेवढं सूत काढलं तेवढं घरी बसून कधी काढलं नव्हतं.

अखेर अर्ज आत गेला, डब्लिनला गेला, आणि उत्तर आलं. मास्तरांनी ते वाचलं. ते एका ओळीचं होतं : कायद्याने आपला मार्ग चालावा.

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

"आपण एवढं लिहिलं, आणि त्यांनी एवढंच?"

"मोठे लोक थोडकंच लिहितात," मास्तर म्हणाले. ते कशावरून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा पायऱ्यांवर. या वेळी साहेब घोड्यावरून फाटकातच भेटले, त्यामुळे तब्येतीचं कारण राहिलं नाही.

"साहेब, काय चुकलं तेवढं सांगा."

स्टेपलटन साहेब वाईट माणूस नव्हते. ते फक्त घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाकडे शिक्कामोर्तबाचा अधिकार होता. "बाई," ते म्हणाले, "ज्याच्यासाठी तीन गावं एका रविवारी एका जागी गोळा होतात, तो साधा माणूस कसा असेल? असल्याच माणसाला इथून हलवायला हवं. मी तसं वर लिहिलं."

जोहानाला आधी कळेना. कळलं तेव्हा हसू आलं, आणि ते आवरताना डोळ्यांत पाणी. "थेडी? पुढारी? अहो साहेब, त्याचं घरात डुक्करसुद्धा ऐकत नाही."

"मग तसं कागदावर का नाही? कागदावर तर तो थोर पुरुष आहे." साहेबांनी लगाम ओढला. "जे कागदावर असतं तेच मी वाचतो."

परतीच्या वाटेवर ती दगडावर बसली नाही, रडली नाही, कारण बसलं की उठवणार नाही हे तिला माहीत होतं. ती तशीच गोठ्याच्या शाळेत गेली आणि म्हणाली, "मास्तर, दुसरा अर्ज लिहा. थेडी कुणीच नाही असं लिहा."

मास्तर दुखावले. "माझ्या लेखणीने आजवर कुणाची निंदा केलेली नाही."

"करा आता. त्याला शेळी बांधता येत नाही. वाट चुकतो. बोलायला लागला की लोक उठून जातात. गावात त्याला कुणी काही विचारत नाही. त्याच्या बायकोलाही त्याचा धाक नाही. लिहा."

सुरुवातीला मास्तर जड हाताने लिहीत होते. हळूहळू त्यांना गोडी लागली. स्तुती त्यांनी आयुष्यभर केली होती, तिचे सगळे शब्द वापरून गुळगुळीत झाले होते. निंदेचे कोरे करकरीत होते. 'ज्याची सावलीसुद्धा त्याच्यामागे नाइलाजाने चालते' असं एक वाक्य त्यांनी लिहिलं आणि स्वतःच दोनदा वाचलं.

अडलं ते पुढेच. आता दोनच नावं हवी होती, घरदार असलेल्या माणसांची, आणि ती मिळेनात.

"थेडीला अर्धवट म्हणून मी फुली मारू?" नेली ड्वायर कडाडली. "माझ्या नवऱ्याला खांदा दिलाय त्याने!"

"तुला तो परत यायला हवाय ना, नेली?"

"हवाय ना. पण असा नको."

सगळीकडे हेच. ज्यांनी मेलेल्यांच्या फुल्या मारल्या होत्या, त्यांना आता स्वतःची मारवेना. लोक तिच्याकडे असे बघत, जणू थेडीला शिपायांनी नाही, तिनेच पकडून दिलं होतं. कोव्हच्या बंदरात कैदी हलवायला लागले अशी बातमी आली. गावात एकच माणूस उरला, ज्याने पहिल्या अर्जावर फुली मारली नव्हती. पिअर्स कोडी. त्याच्या आणि थेडीच्या शेतांमधला बांध दर वसंतात थोडा इकडे किंवा तिकडे सरकायचा, आणि त्यावरून दोघे वर्षभर भांडायचे.

जोहाना मास्तरांना घेऊन कोडीच्या दारात गेली. मास्तरांनी अर्ज वाचला. कोडीचा चेहरा उजळत गेला.

"'मंदबुद्धी' म्हणजे काय, मास्तर?"

"अक्कल कमी."

"'कमी' कशाला? 'अजिबात नाही' लिहा. आणि खोटारडा कुठाय? खोटारडा राहिला!"

"खोटारडा नको," जोहाना म्हणाली. "मग शेळीचंही खोटं ठरेल."

"ते खरं," कोडी नाइलाजाने म्हणाला. लेखणीला बोट लावता लावता थांबला. "थांबा. म्हणजे मी फुली मारली, तर तो परत येणार?"

"येईल असं वाटतं."

"आणि नाही मारली, तर सात वर्षं येणार नाही?"

"नाही."

कोडी दाराबाहेर जाऊन बांधाकडे बघत उभा राहिला. विनवण्या करायचं बळ जोहानात उरलं नव्हतं, आणि कोडीला विनवण्यांची सवयही नव्हती. मग तो आत आला.

"सात वर्षं मी भांडू कुणाशी? तुझ्याशी? तू तर उत्तरही देत नाहीस. द्या इकडे ती लेखणी."

दुसरी फुली कोडीच्या मेव्हण्याची. तो कोडी सांगेल तिथे मारायचा.

हा अर्ज एका पानाचा होता. स्टेपलटन साहेबांनी तो घोड्यावर बसूनच वाचला आणि वाचताना एकदा, जरासे, हसले. पुन्हा डब्लिन, पुन्हा पायऱ्या, पुन्हा सूत. आणि उत्तर आलं : सदर कैदी निरुपद्रवी दिसतो, त्याला सोडून द्यावं.

थेडी चालत आला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. पण चौरस्त्यावर लोक जमलेले दिसताच त्याने खांदे मागे घेतले. तुरुंगातल्या पेजेपासून बंदरातल्या उंदरांपर्यंत सगळं त्याने तपशिलाने सांगायला घेतलं. लोकांनी घरी गाळलेल्या पोतीन दारूचा घोट दिला, उकडलेले बटाटे दिले. मास्तरांनाही घोट मिळाला, आणि इथे त्यांचं भान सुटलं. आयुष्यात मंजूर झालेला हा त्यांचा पहिला अर्ज. तो त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी उभं राहून तो सगळा म्हणून दाखवला, सावलीच्या वाक्यापाशी हात वर करून. हसायचं नाही असं लोकांनी ठरवलं होतं. कोडी पहिला फुटला, मग बाकीचे.

थेडी खाली बटाट्याकडे बघत होता. पुढे त्याने बंदरातलं काही सांगितलं नाही.

घरी जाताना म्हणाला, "हे सगळं तू सांगितलंस?"

"हो."

"मास्तरांनी पदरचं घातलं असेल."

"घातलं."

"कोणतं?"

जोहानाने बराच वेळ आठवून पाहिलं. खोटं बोलायलाही थोडी उमेद लागते. "सावलीचं," ती म्हणाली.

थेडीने मान हलवली. बाकी काय काय उरलं ते तो मनात मोजत असावा.

गावात त्याला कुणी वाईट वागवलं नाही. उलट जरा जास्तच सांभाळून घेऊ लागले, आजारी माणसाला घेतात तसं. पूर्वी गाय अडली की त्याला हाक मारत. त्याला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण मारत. आता मारीनासे झाले. डोंगरापलीकडून लोक यायला लागले ते जोहानाकडे. कुणाचा भाऊ तुरुंगात, कुणाचा मुलगा बंदरात. अर्ज कसा करायचा, बाई? ती चातीवरची नजर न काढता सांगायची, "थोडी माणसं घ्या. आणि त्याला फार आवडणारी नकोत." काही जण रागावून जायचे. थेडी कोपऱ्यात बसून ऐकायचा, आणि मधेच उठून शेळीचं दावं बघून यायचा.

त्या उन्हाळ्यात दोघं दलदलीत जळण कापायला गेली. तिकडे दलदलीची काळी माती कापून, वाळवून चुलीत जाळतात. थेडी फावड्याने ओल्या मातीच्या विटा कापून वर फेकत होता, ती वाळायला रचत होती. दुपारी तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि खालच्या अंगाला बोट दाखवून म्हणाला, "ढीग तिकडे लाव. तिकडे वारं चांगलं लागतं."

तिकडे पाणी साचतं, हे जोहानाला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. माथ्यावरच्या कोरड्या कडेला तिने अर्धा ढीग रचलाही होता. तिने थेडीकडे पाहिलं. तो उत्तराची वाट बघत होता.

"बरं," ती म्हणाली, आणि रचलेल्या विटा उचलून एकेक खेप खाली नेऊ लागली.