उपड्या ताटल्यांचं इंजिन

आधी काउंटरवरच्या मावशींचं सांगतो, बाकीचं मग. वर्कशॉपमध्ये स्पेअर पार्ट्स द्यायला बसायच्या त्या. गोऱ्या, साठी ओलांडलेल्या, आवाज सिगारेटनं खरवडलेला. सगळे त्यांना नावानं हाक मारत. माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून मनातल्या मनात मावशी. परदेशातल्या ह्या क्रेगीबर्न उपनगरात मी आजही आहे तो त्यांच्यामुळे.

नववीत शाळा सुटली आणि मिरजेत बुलेटच्या गॅरेजात लागलो. इथं बायकोच्या स्टुडंट व्हिसावर आलो, तो संपत आला होता. जुन्या अमेरिकन मोटरसायकली बांधणाऱ्या एका वर्कशॉपचा मालक म्हणाला, एक इंजिन पूर्ण बांधून दाखव, मग व्हिसासाठी स्पॉन्सरचं बघू. नाही जमलं तर आम्ही दोघं परत. गणपतीच्या आरतीला आपलीच माणसं विचारायची, "काय करतोस रे?" मेकॅनिक म्हटलं की, "अच्छा, मेकॅनिकल इंजिनिअर!" नाही, नुसता मेकॅनिक म्हटलं की प्रसादाचं ताट माझ्यासमोरून झटकन पुढच्याकडं सरकायचं.

ते इंजिन मला मावशींनीच समजावलं. त्यांचे वडील युद्धावरून परतल्यावर तसलंच चालवायचे. दोन सिलिंडर, अरुंद कोनात फाकलेले. दोघांचे रॉड क्रँकच्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या, एकाच पिनवर, एक काट्यासारखा दुभंगलेला, दुसरा त्याच्या बेचक्यात. म्हणून ठोके एकसारखे पडत नाहीत. दोन लगोलग, मग थबकणं, पुन्हा दोन.

"लंगडतंय वाटलं तर घाबरू नकोस," मावशी म्हणाल्या. "जन्मापासून तसंच चालतं ते."

आधीच्या मॉडेलचं सिलिंडरवरचं लोखंडी हेड फार तापायचं, म्हणून ह्याला ॲल्युमिनियमचं दिलं. वर झाकणं अशी, की दोन ताटल्या उपड्या घातल्यात. वडिलांचं इंजिन सुटं होऊन त्यांच्या शेडमध्ये खोक्यांत पडलं होतं. जोडणारं कुणी उरलं नव्हतं.

मी माझं इंजिन बांधलं. सुरू झालं. मालक "नॉट बॅड, मेट" एवढंच बोलला. गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात येणार, तोवर गाडी उभी. ह्या इंजिनाचं तेल सीटखालच्या टाकीत असतं, आणि जुनी गाडी उभी राहिली की ते हळूहळू खाली इंजिनात झिरपतं. टाकी रिकामी दिसते, पण तेल कुठं गेलेलं नसतं. चालू केलं की पंप ते परत वर टाकीत नेतो. जुन्या बुलेटचीही हीच खोड. मिरजेचा वस्ताद ओरडायचा, "आधी चालू कर, मग तेल बघ!"

मालकाच्या मुलाला असा वस्ताद भेटला नव्हता. गिऱ्हाईक यायच्या आधी मी मागं हात धूत होतो, तेवढ्यात त्यानं टाकीत डोकावून बाटलीभर तेल ओतलं. मग गिऱ्हाइकासमोर किक मारली. इंजिनातलं जास्तीचं तेल फवारा होऊन बाहेर आलं. फरशीवर, गिऱ्हाइकाच्या बुटांवर.

"यानं पिस्टनच्या रिंगा उलट्या बसवल्यात," मुलगा म्हणाला. "सांगितलं होतं ना डॅड, शाळेतसुद्धा टिकला नाही हा."

काय झालंय ते मला दिसत होतं. पण इंग्रजी ऐन वेळी पळून गेलं. "ऑइल... टू मच..." एवढंच आलं. मालकानं माझ्या टूलबॉक्सकडं बोट दाखवलं. उचल.

काउंटरमागून खोकला आला, मग आवाज. "तेल तुझ्या पोरानं ओतलंय. बाटली मीच दिली त्याला. खालचा बोल्ट काढ आणि बघ."

मालकानं काढला. खाली ठेवलेला ट्रे तेलानं भरून वाहिला.

माझ्या स्पॉन्सरच्या कागदांवर मालकाची सही झाली. आणि थोड्याच दिवसांत मावशींना सांगण्यात आलं, आता पार्ट्स कॉम्प्युटरवरूनच मागवू, काउंटरला माणूस नको. मी मालकाकडं निघालो, तर त्यांनी माझा दंड धरला.

"गप्प बस. व्हिसा हातात येईपर्यंत तू बहिरा आहेस. तसेही माझे गुडघे गेलेत."

गुडघ्यांना काही झालं नव्हतं. गाडीपर्यंत ताठ चालत गेल्या.

मुलगा अजून तिथंच आहे. आता मला मेट, म्हणजे दोस्त, म्हणतो. मी नो वरीज म्हणतो, आणि पुढं कितीतरी वेळ जीभ कडू राहते. बायको विचारते, अजून कशाला धुमसतोस, आपलं झालं ना काम? झालं. कुणाच्या जिवावर, ते विचार.

मावशी, शेडमधल्या त्या खोक्यांना कुणाला हात लावू देऊ नका. हा व्हिसा एकदा हातात आला की मी येणार, आणि तुमच्या वडिलांचं इंजिन तुमच्याच अंगणात बांधणार. पहिली किक तुम्ही मारायची. तेल आपण नंतर बघू.