ब्रेकमास्तर एकटे निघाले

ब्रेकमास्तरांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, पण ती शेजारच्या सीटवर बसून. स्टेअरिंगवर शिकाऊ माणूस आणि मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक. जीव घाबरला की तो दाबायचा आणि मग समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, हीच त्यांची शिकवण्याची पद्धत. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली होती. उरलेले निम्मे त्यांच्या तोंडाला घाबरून पायीच हिंडत. घरची गाडी मात्र बायको चालवी आणि मास्तर शेजारी बसत. ती म्हणायची, "यांच्या हाती स्टेअरिंग दिलं, तर मग हे ओरडणार कुणावर?"

साठी उलटल्यावर मास्तरांनी ड्रायव्हिंगची शाळा भाच्याच्या गळ्यात घातली आणि एक वापरलेली कॅम्परव्हॅन दारात आणून उभी केली. आत घडीचा पलंग, दोन बर्नरची शेगडी, बशीएवढं बेसिन आणि ताठ उभं राहिलं की टाळूला टेकणारं छप्पर.

"महिनाभर एकटाच हिंडणार," त्यांनी जाहीर केलं. "खेडी, शेतं, शांतता. माणूस म्हणून नको."

बायको रडेल, निदान अडवेल, अशी त्यांची अपेक्षा होती. तिने विचारलं, "कधी निघताय?"

"उद्या दुपारी."

"सकाळीच निघा. ऊन लागेल." आणि तिने लगेच त्यांचे मोजे भरायला घेतले.

पहिला दिवस विचित्र गेला. शेजारची सीट रिकामी, त्यामुळे तोंडाला काम नाही. "आरसा बघ!" असं ते सवयीने ओरडत आणि स्वतःच दचकून आरशात बघत. दुपारपर्यंत त्यांनी स्वतःला दोनदा गाढव म्हटलं आणि दोन्ही वेळा त्यांना ते लागलं. तरी मजा येत होती, हे खरं. खिडकीतून कापलेल्या गवताचा वास येत होता, व्हॅन आपली डुलत डुलत चालली होती आणि मागे गाड्यांची ही लांब रांग हॉर्न वाजवत होती. खेड्यातली माणसं किती अगत्याची, असं वाटून मास्तरांनी खिडकीबाहेर हात काढून सगळ्यांना नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी तळ्याकडे जायला त्यांनी जवळचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना दगडी बांध, रस्ता निमुळता होत गेला आणि एका शेताच्या फाटकाशी संपला. आता गाडी मागे घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गाडी मागे कशी घ्यावी यावर मास्तर तासभर बोलू शकत. पण उंटावरून शेळ्या हाकणं वेगळं आणि प्रत्यक्ष उंट मागे घेणं वेगळं. पहिल्या खेपेला मागचं चाक चरात उतरलं. दुसऱ्या खेपेला बांधाने दाराची कड सोलली. तिसऱ्या खेपेला व्हॅन बांध आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये अशी तिरपी अडकली, जसं घशात हाड अडकावं. आजूबाजूच्या कोंबड्या गोळा होऊन बघू लागल्या.

गमबूट घातलेली, हातात अंड्यांची टोपली घेतलेली एक बाई फाटकातून आली. "अगंबाई, मास्तर तुम्ही!"

मास्तरांना ओळख पटेना.

"तीन महिने येत होते तुमच्याकडे. हँडब्रेक न काढता चौकापर्यंत गेलेली, ती मी. तुम्ही म्हणाला होतात, बाई, तुमच्या नशिबी सायकल आहे, तीही तीन चाकांची."

मास्तरांना आठवलं. वाक्य तेव्हा त्यांना फार आवडलं होतं.

"मग शिकलात की नाही?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"शिकले ना. इथे लग्न होऊन आले, सासूबाईंनी ट्रॅक्टरवर बसवलं. दोन दिवसांत जमलं. त्या ओरडत नव्हत्या." तिने टोपली खाली ठेवली. "उतरा, मी काढून देते."

"मीच काढतो," मास्तर म्हणाले. पडले तरी नाक वर.

"बरं, मग मी शेजारी बसते."

 मास्तरांचा क्लचवरचा पाय भलत्या वेळी सुटला आणि गाडी गचका देऊन बंद पडली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि शिव्यांची वाट पाहिली.

"होतं असं," ती म्हणाली. "परत घ्या. सावकाश."

 शिकवताना असंही बोलता येतं, हे मास्तरांना एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. अर्थात, सांगायला तोंड उघडू दिलं असतं तर ना! वीस मिनिटांनी व्हॅन मोकळी झाली. थोडा रंग बांधाला राहिला.

बाईने त्यांना कुरणात मुक्काम करू दिला. मास्तर चार दिवस राहिले. रोज सकाळी ती अंड्यांचे दोन रिकामे क्रेट अंतर ठेवून मांडायची आणि मास्तर त्यांच्यामधून व्हॅन मागे घ्यायचे. पहिल्या दिवशी दोन्ही क्रेट चिरडले. चौथ्या दिवशी एकही नाही. सासूबाईंनी ओट्यावरून टाळ्या वाजवल्या, आणि मास्तर लाजले.

मग ते तळ्यावर गेले. दारात पाय सोडून चहा प्यायले, बगळे पाहिले, पोहले, पावही भाजले, आणि तेही न करपवता. महिन्याचे चाळीस दिवस झाले. घरी आले तेव्हा काळवंडले होते, पण चेहरा उतरलेला नव्हता.

बायकोने शिष्टाचार म्हणून विचारलं, "पुढच्या खेपेला मी येऊ का सोबत?"

मास्तर चाचरले. "व्हॅन तशी लहानच आहे गं."

"हुश्श," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही आग्रह कराल."